म्हस्कूआबांची हाळी

॥ श्री येमाई प्रसन्न ॥

कवठे येमाई,
१० नोव्हेंबर २०२५

ती. धनश्रीताईंना,
रुपालीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायचं म्हणजे आबा समोरच खाटेवर असतात, आणि मेसेज टाकावा तर बानू माझ्याआधी वाचते. दुसरीत गेल्यापासून तुमची भाची किराणाच्या पुडीवरचं सुद्धा वाचल्याशिवाय सोडत नाही. म्हणून हा जुना मार्ग धरला. तुम्हाला जुन्या कागदांची आवड आहेच, हाही त्यात जपून ठेवा.

आईंच्या गुडघ्याचे टाके सुकले का? दिवाळीनंतर त्या ऑपरेशनला दौंडला आल्या आणि इकडे घर ओकंबोकं झालं. चहा मी करते तसाच, पण आबा अर्धा कप ठेवून देतात. त्यांच्या चहात काय जादू असते ते विचारून कळवा.

आता खरी गोष्ट. आपल्या बांधाला लागून हौसरावांचा ऊस आहे, त्याची तोड सुरू झाली आहे. बीडकडची टोळी येऊन त्यांच्याच रानात कोप्या घालून राहिली आहे. ऊस हलला की बिबट्याही हलतो. खालच्या वस्तीवरचं वासरू गेलं, तेव्हापासून दिवस कलला की लोक पोरांना घरात घेतात. आणि आपले आबा नेमके त्याच वेळी घोंगडी-काठी घेऊन बांधावर जातात आणि मोठ्याने ओरडतात, वाघ हाय रं, वाघ हाय!

पहिल्या दिवशी सगळी वस्ती काठ्या-बॅटऱ्या घेऊन धावली. वनखात्याची माणसं आली. ना ठसा, ना केस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुठं दिसला विचारलं तर नुसतं उसाकडे बोट दाखवतात. आता कुणी येत नाही. गावाच्या ग्रुपवर तर थट्टाच चालते, म्हस्कूआबांचा वाघ आज किती वाजता येणार म्हणून. तुमच्या भावाला मान वर करून चावडीवर बसवत नाही.

पूर्वी शेतातून येताना आबा एखादी हाक द्यायचे आणि आई आतून ओ द्यायच्या. म्हाताऱ्यांचं प्रेम म्हणून मी हसायचे. हे तसं नाही. त्यांच्या डोक्यात काही होतंय का, ताई? मला फार भीती वाटते. बानू दिवसभर त्यांच्या मागे असते. त्यांना भास होत असतील तर पोर त्यांच्या भरवशावर कशी सोडू? दौंडला चांगल्या डॉक्टरांना दाखवता येईल का, ते लवकर कळवा.

तुमची माया आहे तशीच असू द्या.

आपली,
रुपाली

---

रेल्वे कॉलनी, दौंड
१५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुपालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. आईला काही सांगितलं नाही. ती वॉकर धरून बाल्कनीपर्यंत जाते, इंजिनाने भोंगा दिला की पदर सावरते आणि हे घरी आले की रेल्वेला नावं ठेवते. तुझे नंदावे इंजीन चालवतात हे तिला तेवढ्यापुरतं आठवत नाही. चहाचं विचारलं, तर म्हणाली आधी गूळ आणि मग पाणी.

हसू नकोस, पण मी सध्या आबांसारख्याच हाका मारणाऱ्याच्या एका गोष्टीवर येऊन अडकले आहे. तुला सांगितलं होतं ना, पुण्याच्या प्रकाशकासाठी जुन्या इंग्रजी प्राणीकथांचं मराठी करते आहे म्हणून. ग्रीकांच्या गोष्टी, लंडनला तीनशे वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी छापलेल्या. त्या पानांचे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. लाकडी ठशांची चित्रं अशी, की सिंह काढणाऱ्याने सिंह कधी पाहिलाच नसावा, आपला मोत्याच वाटतो. गोष्ट चार ओळींची आणि खाली बोध पानभर. ज्याने संग्रह केला त्याने आपल्या काळातल्या भांडणाच्या सोयीने तो फिरवलेला. एकाच कोल्ह्याला एक जण शहाणा ठरवतो, दुसरा लबाड. मला प्रत्येक गोष्टीखाली मुलांसाठी एका ओळीचा बोध लिहायचा आहे. आणि या आठवड्यात आलं ते मेंढपाळाचं पोर, लांडगा आला म्हणून गावाला फसवणारं.

काल फोनवर आबांना मुद्दाम ती गोष्ट सांगितली, काय म्हणतात ते बघावं म्हणून. त्यांनी पूर्ण ऐकली. मग विचारलं, गावानं त्या पोराला मेंढरापाशी येकट्याला ठिवला कशापायी? मी म्हटलं, आबा, गोष्ट आहे ती. त्यावर त्यांनी फोन बानूकडे दिला. मला ते उत्तर भलतीकडचं वाटलं.

इथल्या डॉक्टरांची डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. तोवर एक कर. शंभूला सांगून हौसरावांना आणि ग्रुपवर नीट शब्दांत कळवा, की आबांचं वय झालं आहे, त्यांच्या हाकेला कुणी धावून येऊ नये. लोकांचीही धावपळ वाचेल आणि आबांचं हसंही होणार नाही. माणसाची थट्टा होण्यापेक्षा त्याच्याकडे दुर्लक्ष झालेलं बरं. आणि तू त्यांच्यावर लक्ष ठेव. जेवल्याचं विसरतात का, नावं चुकतात का, तेही लिही.

काळजी तुझी एकटीची नाही, अर्धी इकडे पाठव.

तुझी,
धनश्री

---

कवठे येमाई,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. धनश्रीताईंना,
रुपालीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. यांनी ग्रुपवर लिहिलं, खाली सगळ्यांनी अंगठे दाबले. मीही दाबला. हौसराव तर घरी येऊन म्हणाले, काळजी करू नका, आमच्या घरचेच आहेत आबा. आता कुणी थट्टा करत नाही. आबा ओरडतात आणि वस्तीवर सगळे आपापल्या कामात खाली मान घालून असतात. ते ऐकायला थट्टेपेक्षा वाईट वाटतं, ताई.

लक्ष ठेवलं. जेवलेलं विसरत नाहीत. नावं चुकत नाहीत. विकलेल्या मेंढ्यांचीसुद्धा नावं सांगतात, कुठल्या मेंढीला कुठल्या माळावर जुळी झाली तेही. शेवटी चार दिवसांपूर्वी मीच धीर करून विचारलं. सासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची मला सवय नाही, तुम्हाला ठाऊक आहे. विचारलं, आबा, खरंच वाघ दिसतो का? तर सरळ म्हणाले, न्हाई. मग ओरडता कशाला म्हटलं, तर माझ्याकडेच नवलाने बघत राहिले. म्हणाले, दिसल्यावर हाळी देत्यात व्हय?

मग त्यांनी सांगितलं ते असं. ते मेंढरांमागे फिरत होते तेव्हा वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या उघड्या मुक्कामावर, दिवस बुडताना एका अंगाने एकाने हाळी द्यायची, लांडगा हाय म्हणून. दुसऱ्या अंगाने दुसऱ्याने जाब द्यायचा, मी हाय म्हणून. लांडगा असो नसो. जनावराला कळलं पाहिजे की चारी बाजूंनी माणूस जागं आहे. आणि जाब आला नाही, तर त्या माणसाला काही झालं असं समजून बाकीच्यांनी उठायचं. जाब नेहमी लांबून, पार दुसऱ्या टोकाहून द्यायचा, शेजारी बसून दिलेल्याचा उपयोग नाही. हाळी खरी का खोटी असं वाड्यावर कुणी विचारत नसे, असं म्हणाले.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, लांडग्याचं ठीक, उसातल्या बिबट्याला लग्नाचे डीजेसुद्धा ओळखीचे झालेत, तो हाळीला काय भीक घालतो? तेही खरंच वाटतं. शिवाय वाडा मोडून तीस वर्षं झाली, आणि आबांना वाटतं भोवती अजून वाडाच आहे. हे विसरणं नाही तर काय? मला काही कळेनासं झालं आहे. पण त्यांचं ऐकल्यापासून रोज संध्याकाळी ती हाक आली की माझा जीव धारेवरून उडतो. जाब द्यावा वाटतो, पण सगळ्या वस्तीला देऊ नका सांगून आपणच कसा द्यायचा?

बानू मजेत आहे. हल्ली संध्याकाळी विहिरीकडे खेळायला जाते, दिवेलागणीला स्वतःच घरी येते.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून,
रुपाली

---

दौंड,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुपालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर विसरले आणि तुझ्या नंदाव्यांनी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना वाटलं नेहमीची खुशाली असेल. मी कॉलेजातून आले तर आई साडी नेसून, पिशवी भरून दाराशी बसलेली. तिने मला एकच विचारलं, त्येंला जाब द्यायचा न्हाई, आसं कुनी सांगितलं? मी सांगितलं, मी. रुपाली, माझ्या लग्नानंतर आई माझ्यावर इतकी चिडलेली मी पाहिली नव्हती.

ती म्हणते, वाडा मोडला, मेंढरं विकली, पण रोज दिवस बुडताना तुझ्या बानं हाळी दिली आन् म्या जाब दिला, येक दिस चुकला न्हाई. मी ऑपरेशनला आले तवाच ह्याला जाब कोन देनार ह्येचा मला घोर व्हता. तू ज्याला म्हाताऱ्यांचं प्रेम म्हणायचीस तीच ही हाळी. तू परकी होतीस, तुला कळलं नाही. मी त्याच घरात वाढले आणि मलाही ती जेवायला बोलावल्याची हाक वाटायची.

पण तुझ्यासारखंच माझंही मन दोन्हीकडे ओढतं. भवताली वाडा नाही हे आबांना कळत नसेल तर तो आजारच म्हणायचा, डॉक्टरांची वेळ मी सोडत नाही. पण जाब बंद करण्याचा सल्ला माझा होता आणि तो चुकला. मी लगेच शंभूला फोन केला, ग्रुपवरचा मेसेज मागे घे म्हटलं. तो हो हो म्हणाला. त्याने घेतला का ते बघ. त्याला लाज वाटत असेल तर तू जाब दे, सासरे बिसरे विसर. डॉक्टरांनी गुडघा पाहिल्याशिवाय आईला पाठवता येत नाही, मंगळवारी पाहतील, की न्हावऱ्याच्या रस्त्याने जीप करून आम्हीच तिला घेऊन येतो.

मला आता संध्याकाळी घरात बसवत नाही.

तुझी,
धनश्री

---

शिरूर,
३ डिसेंबर २०२५

ती. धनश्रीताईंना,
रुपालीचा नमस्कार.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. जखम कुठे, टाके किती, ते यांनी फोनवर सांगितलं. तुम्ही परवा धावत येऊन गेलात, पण आबांच्या उशाशी मला तोंड उघडता आलं नाही. कसं झालं ते कुणालातरी सांगितल्याशिवाय मला गिळवत नाही.

यांनी मेसेज मागे घेतला नव्हता. आज टाकतो, उद्या टाकतो, चाललं होतं. तुमचं पत्र घरात येऊन पडलं ते आम्ही सगळे इथे असताना.

रविवारी हे खत आणायला शिरूरला गेले होते. मी धारेला बसले होते. आबांची हाळी आली. समोरच्या ओट्यावर हौसरावांच्या मालकीण तांदूळ निवडत होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बिचारे म्हणून मान हलवली. मी खाली बघितलं. ताई, मी खाली बघितलं. आणि तेवढ्यात पार विहिरीच्या टोकाहून, उसाच्या कडेने, बारीक आवाज आला. आबा, मी हाय, मी हाय!

बादली कुठे गेली मला माहीत नाही. मी धावले. आबांनीही ऐकलं होतं. खाटेवरून उठताना ज्यांना हात द्यावा लागतो, ते माझ्या किती पुढे होते. उभ्या उसातून ते जनावर निघालं तेव्हा आबा पोरीजवळ पोचले होते. त्यांनी तिच्यावर घोंगडी टाकली आणि तिच्यावर पालथे पडले. पंजा खांद्यावर बसला, तिथून गळ्यापर्यंत. मी सासऱ्यांसमोर आजवर मोठ्याने शिंकले नाही, पण तेव्हा काय ओरडले ते बीडच्या टोळीने ऐकलं. सगळ्यात आधी तीच माणसं आली, कोयते घेऊन, बायकासुद्धा. त्यांना आपला ग्रुप माहीत नव्हता. ओरडा झाला तशी आली. जनावर उसात पळालं. हौसराव मागून आले, त्यांनीच गाडी काढली आणि शिरूरपर्यंत पोरासारखे रडत होते.

बानूला ओरखडा नाही. तिनेच मला सांगितलं. यांच्या फोनवरचा तो मेसेज तिने आबांना वाचून दाखवला होता. मग आता जाब कोण देणार विचारलं, तर आबा म्हणाले कुनीच न्हाई. म्हणून तिने ठरवलं आपण द्यायचा. जाब लांबून द्यायचा असतो हे तिने त्यांच्याचकडून ऐकलेलं, म्हणून ती विहिरीकडे जायची. आधी लपून हळूच म्हणायची, आबांना ऐकू जायचं नाही. त्या दिवशी तिने जोर काढला. आणि मी तुम्हाला लिहिलं होतं की पोर खेळायला जाते.

तुम्हाला दोष देत नाही. अंगठा मी पण दाबला होता. आईंना हे सगळं कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

रुपाली

---

दौंड,
१४ डिसेंबर २०२५

ती. आबांना,
धनश्रीचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र रुपाली तुम्हाला वाचून दाखवेल. दवाखान्यात तुम्ही बोलू शकत नव्हता आणि मी बोलू शकत असून बोलले नाही. आईला वस्तीवर सोडायला जीप आली तेव्हाही मी परीक्षेचं निमित्त काढून ह्यांनाच पाठवलं. परीक्षा होती, पण रजा मिळाली असती.

आबा, तुमच्या हाकेला कुणी जाऊ नये, असं मी सांगितलं होतं. शंभूने नाही, रुपालीने नाही. मला वाटलं तुम्हाला भास होतात. तुमची थट्टा होते हे मला सोसलं नाही, म्हणून मी तुम्हाला एकटं पाडलं. त्या टोकाला बानू गेली ती माझ्यामुळे. हे म्हणतात तू काय मुद्दाम केलंस का. मुद्दाम नाही केलं. पण केलं.

तुम्हाला मी फोनवर गोष्ट सांगितली होती. ती मी किती जुन्या पुस्तकांतून वाचली. त्या पोराने थट्टेने हाका मारल्या असंच सगळ्यांनी लिहिलं आहे आणि खाली त्याला खोटारडा ठरवून पानं भरली आहेत. मीही एका ओळीत लिहिलं होतं, छान जमलं म्हणून आईला वाचून दाखवलं होतं. ते खोडलं. आता दुसरं काही सुचत नाही. प्रकाशकांना सांगितलं, या गोष्टीखाली जागा मोकळी सोडा. ते म्हणतात मुलांच्या पुस्तकात मोकळी जागा चालत नाही, गोष्टच काढून टाकू. काढा म्हटलं.

रागवा, आबा. रुपालीला सांगून चार शिव्या लिहून पाठवा. पण काहीतरी कळवा. तुम्ही गप्प आहात ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून की माझ्यामुळे, हे मला इथून कळत नाही.

आशीर्वाद मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुमची,
धनश्री

---

कवठे येमाई,
२८ डिसेंबर २०२५

(ताई, आबा अगदी हळू बोलतात. बोलले तसंच उतरवते आहे. रुपाली.)

चि. धनाबाईला म्हस्कूचा आशीर्वाद.

गळ्याचं टाकं निघालं. बोलाय येतं, वरडाय येत न्हाई. डागदर म्हनला हाळीबिळी आता इसरा.

तुझं पत्र रुपालीनं वाचलं, मंग तुझ्या आईनं परत वाचाय लावलं. तू सांगितलं म्हनून मंडळी यायची ऱ्हायली, ह्ये खरं हाय. न्हाई म्हनलो आसतो तर तुला बरं वाटलं आसतं, पर खरं हाय. मला राग आला व्हता. दवाखान्यात तू पायाशी हुबी ऱ्हायलीस तवा व्हता. आता न्हाई.

माझंबी आयक. जाब लांबून द्यायचा आसतो ह्ये पोरीला म्याच सांगितलं. ती आयकून तशी लांब जाईल ह्ये माझ्या डोस्क्यात आलं न्हाई. वाड्यावर लहान पोरं बायांच्या पदरापाशी आसायची. आन् हितं वाडा न्हाई, ऊस हाय, ह्ये कवा कवा माझ्या ध्यानातनं जातं. तवा तू मला डागदरला दावायचं म्हनलीस त्यात वावगं न्हवतं. गळा बरा झाला की येतो. दाव.

आता दिवस बुडताना तुझी आई वट्यावर खुर्ची टाकून हाळी देती. टोळीवाली जाब देत्यात. हौसराव देतो, त्याचा आवाज दांडगा, पर मधीच खोकला येतो. शंभूबी देतो, इकडं तिकडं बघून. वनखात्यानं पिंजरा लावलाय, त्यात आजून काय घावलं न्हाई.

समदी देत्यात, पर बानू देत न्हाई. दिसभर बोलती, शाळंत जाती, मला पुस्तक वाचून दावती. दिवस कलला की माझ्या घोंगडीत शिरती आन् तोंडावर हात ठिवती. काल तुझ्या आईनं हाळी दिली तर तिच्याबी तोंडावर हात ठिवाय पळाली. तिला वाटतं, तिनं जाब दिला म्हनून वाघ आला. आसं तिला कुनी म्हनलं न्हाई. तिचं तिनंच धरलंय. रुपालीनं समजावलं, मास्तरनी समजावलं. म्या काय समजावू, जाब देऊन दावावा तर माझा आवाज वट्याच्या खालीबी जात न्हाई.

तवा तू ये. तुझ्यापाशी लई गोष्टी हायेत, पर गोष्ट सांगाय येऊ नगं. नुसती ये. उजेड हाय तवर पोच. सांजचं तिचा हात धरून वट्यावर हुबी ऱ्हा आन् तुझ्या आईनं हाळी दिली की जाब तू दे. चांगला मोठ्यानं दे. ती देईल का न्हाई, मला ठावं न्हाई. तू दे.

वाट बघतो.

म्हस्कू